टोपीचा सीन

जळगावात शाळेवर नोकरीला लागले तेव्हा गल्लीगल्लीत व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या होत्या, आणि सोमवारी स्टाफरूममध्ये रविवारी पाहिलेल्या कॅसेटींशिवाय दुसरा विषय नसायचा. मला विचारू नये हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी विचारायचेच. मी सांगायची. मारामारीचा असला तर, व्हिलनच्या अड्ड्यावर एवढे रंगीत दिवे कशाला लागतात ते काही कळलं नाही. नागिणीचा असला तर, त्यातल्या त्यात नागीण बरी, निदान तिला राग तरी येतो. प्रिंटबद्दल तर बोलायलाच नको. टॉकीजमध्ये चोरून काढलेली कॅसेट, मध्येच पडद्यासमोर कोणाचं तरी डोकं उठायचं आणि बाहेर जाऊन यायचं. हिरोईन शेवटचे श्वास घेतेय आणि खालून फरसाणवाल्याची जाहिरात सरकतेय. लायब्ररीवाला वर म्हणायचा, मॅडम, एकदम क्लिअर आहे.

हे सगळं मी सहन केलं. पण सहकुटुंब पाहावा असा, बायकांनी रुमाल घेऊन बसावं असा कौटुंबिक पिक्चर कोणी माझ्यासमोर चांगला म्हटला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अजून जाते. त्या पिक्चरांत एक सीन ठरलेला असतो. मुलीचा बाप डोक्यावरची टोपी काढतो आणि भर मांडवात व्याह्याच्या पायावर ठेवतो. व्हायोलिन सुरू होतं. मुलगी खांबाआड रडते. मग नवरदेव उठतो, बापाला चार शब्द सुनावतो, व्याही विरघळतो आणि सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात. इकडे बाया नाक ओढत असतात. साफ खोटं आहे ते. मी हे छातीठोक सांगते, कारण तसली टोपी मी खरी पाहिली आहे.

आमचं गाव असोदा. माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, लग्न धुळ्याच्या एका घरी ठरलं होतं. वऱ्हाड हळदीच्या दिवशीच मुक्कामाला येणार होतं. चार दिवस आधी मध्यस्थ निरोप घेऊन आला की दुपारी पाहुण्यांना करमत नाही, तेव्हा व्हिडिओ ठेवा, आणि पिक्चर नवे आणा. शालू, टोप्या, उपरणी या मानपानात आता व्हिडिओही आला होता. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, तोवर व्हिडिओ नुसता ऐकला होता. केळीला पाणी द्यायचं सोडून ते एसटीनं जळगावला गेले आणि टीव्ही, व्हिडिओ, कॅसेटी आणि चालवणारा माणूस असं सगळं भाड्यानं ठरवून आले. घरी येऊन आईला म्हणाले, त्यांचं मन राहिलं पाहिजे, पोरीला आयुष्य काढायचं आहे तिथं.

मे महिना. मांडवात उजेडामुळे चित्र दिसेना, म्हणून कापूस विकून रिकाम्या झालेल्या खोलीत सगळं मांडलं. खिडक्यांवर बारदान लावलं. भिंतींना कापसाचे धागे चिकटलेले, पंखा लावला की सगळे शिंकायचे. व्याही पुढे आरामखुर्चीत. बाकीचे पुरुष सतरंजीवर. नवरदेव टीव्हीच्या अगदी जवळ, कॅसेटींची खोकी मांडीवर घेऊन. ताई कोपरापर्यंत हळदीनं माखलेली, कुठं बसली तर डाग पडतील म्हणून माझ्याबरोबर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती.

पहिलाच पिक्चर तसला निघाला. टोपीचा सीन आला आणि व्याही रडायला लागले. खोटं सांगत नाही, चांगले हुंदके देऊन रडले. उपरण्यानं डोळे पुसले, मग त्याच उपरण्यात नाक शिंकरलं. मी ताईला कोपर मारलं. मला वाटलं, माणूस मऊ आहे, माझी बहीण सुखात राहील. आबा तर टीव्ही सोडून व्याह्यांकडेच पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या दिवसात पहिल्यांदा उतरला होता.

पिक्चर संपला, चहा फिरला. व्याह्यांनी खुर्चीतूनच हात लांब करून व्हिडिओवर थाप मारली. "मशीन चांगलं शे. नवरीसंगे येऊ द्या."

सगळे हसले. ते हसले नाहीत. मग ते समजावून सांगायला लागले, अगदी शांतपणे. धुळ्याला त्यांच्या आळीत कोणाकडे असलं मशीन नाही. उद्या भांड्यांबरोबर मांडवात टीव्हीसकट मांडलं म्हणजे चार लोकांना दिसेल. व्हिडिओवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. आबा म्हणाले, हे भाड्याचं आहे, जळगावला परत द्यायचं आहे. दिवाळीला दुसरं देतो. व्याही म्हणाले, दिवाळी कोणी पाहिली, आणि वऱ्हाडाला गाड्यांत बसायला वेळ लागत नाही. मध्यस्थ आढ्याकडे पाहत राहिला.

तेव्हा आबांनी टोपी काढली.

आमच्या घरात कोणी कधी कोणाच्या पायावर टोपी ठेवली नव्हती. आजोबांनी नाही, चुलत्यांनी नाही. अख्ख्या असोद्यात मी तसं कधी ऐकलं नव्हतं. माझा बाप केळीच्या भावावरून व्यापाऱ्याशी रस्त्यात भांडणारा माणूस. हे तो कुठं शिकला? त्याच खोलीत, तासाभरापूर्वी. पिक्चरमधल्या बापासारखंच त्यांनी दोन्ही हातांनी टोपी धरली, तसेच वाकले, तशीच ठेवली. त्यांना वाटलं होतं, ज्या माणसाला हे पाहून एवढं रडू आलं तो माणूस आता तरी विरघळेल. त्या पिक्चरवाल्यांना मी आजवर माफ केलेलं नाही.

व्याह्यांनी पाय मागे घेतला नाही. टोपीवरून हात नेऊन त्यांनी खाली ठेवलेली बशी उचलली आणि राहिलेला चहा प्यायला.

मग सगळी खोली नवरदेवाकडे पाहायला लागली. मीही पाहिलं. पिक्चर सगळ्यांनीच पाहिला होता ना! आता तो उठणार, आता बोलणार. तो एक खोकं उघडून व्हिडिओवाल्याला म्हणाला, "लाइट जायच्या आत दुसरी लावून घ्या ना, फायटिंगची."

ताईनं दार ढकललं. सगळ्या पुरुषांमधून सरळ चालत गेली, टोपी उचलली आणि आबांच्या डोक्यावर ठेवली. पांढऱ्या टोपीवर तिची पिवळी बोटं उठली. तशीच मागे वळली आणि माझ्या शेजारून मोरीत गेली. आतून कडी लागली, आणि पाण्याचा आवाज यायला लागला.

हळद लागलेली नवरी, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आंघोळ करतेय! माझ्या आत्यांनी दार बडवलं. आईनं कपाळाला हात लावला. लग्न मोडलं हे कोणाला सांगावं लागलं नाही. ती कपडे धुवायच्या साबणानं हळद खरडून काढत होती हे नंतर तिचे हात पाहिले तेव्हा कळलं, लालभडक झाले होते. रोजची जुनी साडी नेसून, ओल्या केसांनी ती पुन्हा कापसाच्या खोलीत गेली आणि व्हिडिओवाल्याला म्हणाली, "भाऊ, मशीन बांधा. ते परत द्यायचं आहे."

त्यानं कॅसेट बाहेर काढायचीसुद्धा वाट पाहिली नाही. सगळं गोधडीत गुंडाळलं.

वऱ्हाड शिव्या देत गेलं. बुंदी आम्ही गावात वाटली. मग गाव बोलायला लागलं, आणि काय बोललं? पोरगी व्हिडिओ पाहून बिघडली. पिक्चरसारखा तमाशा केला. अरे, मी म्हणते, कुठल्या पिक्चरमध्ये नवरी उठून आंघोळ करते ते एकदा दाखवा मला. त्या खोलीत नाटक सगळे करत होते. व्याह्यानं रडायचं केलं, बापानं वाकायचं केलं, आम्ही बाकीचे खुर्चीत बसलेल्या पब्लिकसारखे कोणीतरी उठेल म्हणून वाट पाहत बसलो. ताई एकटी पिक्चरमध्ये नव्हती. पण बोल तिलाच लागले. आईही तिच्याशी कितीतरी दिवस धड बोलत नव्हती. ताई शेतात जायची, यायची, जेवायची. मला एकदा म्हणाली, झोप मात्र छान लागते.

पुढे तीन वर्षांनी पहूरच्या एका घरी तिचं लग्न झालं. त्या लोकांना सगळं माहीत होतं. त्या लग्नात व्हिडिओ नव्हता. आबांनी त्या दिवशी तीच टोपी घातली होती. हळदीचा डाग फिका झाला होता पण दिसत होता, आणि आईनं कितीदा मागूनही त्यांनी ती धुवायच्या सोड्यात घालू दिली नव्हती. जळगावच्या बाजारातसुद्धा तीच घालून जायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, पोरीची हळद आहे.

नव्वदनंतर माझ्या जळगावच्या घरी केबल आली. एका सुट्टीत ताई पहूरहून आली होती, आबाही होते. केबलवाल्यानं दुपारी एक जुना कौटुंबिक पिक्चर लावला. तो नेमका तोच होता. मी उठून बंद करायला गेले तर ताई म्हणाली, राहू दे, पाहू. ती ओल्या शेंगा फोडत बसली होती. टोपीचा सीन आला. बाप वाकला, व्हायोलिन वाजलं, हिरोईन खांबाआड हुंदके द्यायला लागली. शेजारच्या दोन बाया पदर डोळ्यांना लावून बसल्या. आबा टीव्हीकडे पाहत नव्हते, ताईकडे पाहत होते.

ताईनं मान वर केली, हिरोईनकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "रडते काय बाई? मोरीत जा आन आंघोय कर."

आणि पुढची शेंग फोडली.