प्रोसेसरला लावलेलं हळद-कुंकू

सुटे भाग आणून घरीच तगडा कॉम्प्युटर जोडायचा, हा माझा जुना नाद. रांजणगावच्या कंपनीतून सुटून वडगाव रासाईला घरी आलो की माझं खरं काम सुरू होतं. मित्रांना बरीच मशीनं जोडून दिली, पण सुटे भाग कधी दोनदा तपासले नाहीत. या वेळी तपासले, कारण मशीन बायकोसाठी होतं.

ती घरांच्या सजावटीची थ्रीडी चित्रं करते. पुण्याच्या एका ऑफिसनं तिला घरून काम द्यायची तयारी दाखवली होती. अट एकच, नमुन्याचं काम सोमवारी सकाळी पोचलं पाहिजे. तिचा जुना लॅपटॉप नमुन्याची फाइल उघडतानाच धापा टाकायचा. "नाहीच जमलं तर पुण्यात हॉस्टेल बघते, शनिवार-रविवार येत जाईन," असं ती मेथी निवडता निवडता म्हणाली होती. तिचं काही चुकत नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

रविवारी सकाळी टेबल मांडलं. मदरबोर्डावर प्रोसेसर बसवला. तो तापतो म्हणून त्याच्या डोक्यावर पंखा बसवतात आणि मध्ये उष्णता ओढणारी पांढरी पेस्ट लावतात. पेस्टचा ठिपका ठेवला, तर पंख्याचा स्क्रू सापडेना. तो शोधायला आतल्या खोलीत गेलो. तो घेऊन परत येतो तर आई बोर्डापुढं हात जोडून उभी! पेस्टवर हळद, हळदीवर कुंकू, वर अक्षता.

"आई, हे काय करून ठेवलंस?"

"आरं, गंध तर तूच लावलं व्हतंस. म्या म्हणलं, हळद-कुंकू ऱ्हायलं. नव्या ट्रॅक्टरला न्हाई का लावत?"

मी नको तेवढा ओरडलो. प्रोसेसरखाली केसाएवढ्या बारीक पिना असतात. तिथं कुंकू गेलं किंवा एखादी पिन वाकली, की बोर्ड कामातून गेला. बायको मोबाइलमध्ये बघत बसली. ती हॉस्टेलच शोधतेय, असं मला वाटत राहिलं.

कापूस, स्पिरिट आणि चिमटा घेऊन बसलो. एक तांदूळ अगदी कडेच्या फटीत जाऊन बसला होता. माझा घाम बोर्डावर पडेल म्हणून बायको उठून आली आणि ओढणीनं माझं कपाळ टिपत राहिली. शेवटी तांदूळ चिमट्यात आला.

पुन्हा पेस्ट लावली, पंखा बसवला, बाकीचे भाग जोडले, बटण दाबलं. पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच. केबल पुन्हा दाबून बघितली. नवं मशीन पहिल्यांदा वेळ घेतं, हे मीच दहा जणांना सांगितलंय, पण स्वतःला पटेना. मग एकदाची अक्षरं उमटली.

सॉफ्टवेअर टाकून होताच बायको खुर्ची ओढून कामाला बसली. आई दारात येऊन उभी राहिली.

"चाललं का रं?"

"चाललं. पण पुन्हा त्याला हात लावू नकोस."

"मला त्या डब्याचं काय करायचंय?" ती बायकोकडं बघत म्हणाली. "ही जाऊ नये म्हणून लावलं."

बायकोचा माउसवरचा हात थांबला. "आई, त्यांना काम आवडलं तर इथंच आहे मी."

"आन् न्हाई आवडलं तर?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी चिमट्यानं काढलेला तो तांदूळ उचलून स्क्रीनपुढं ठेवला.