हळू आवाजाचा राजा

दादा गेल्याची बातमी अकोल्याहून आलेल्या उडत्या नावेच्या नावाड्याने सांगितली. मी अंगणात खाटेवर कुरडया वाळत घालत होते. नाव आमच्या गावावरून जाताना सहसा थांबत नाही. त्या दुपारी मात्र ती खाली उतरली, शेताच्या कडेला टेकली, आणि नावाडी डोक्याचं मुंडासं काढून अंगणापर्यंत चालत आला. "तळावरचे मास्तर गेले, बाई. बहिनीले सांगा म्हनून ठेवलं होतं त्याईनं," एवढंच तो म्हणाला. मास्तर म्हणजे माझा थोरला भाऊ. तो एके काळी गव्हाणपूरचा राजा होता हे त्या नावाड्याला ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. ओसरीवर बसलेले माझे यजमान उठले आणि आत गेले.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. या पुरवणीच्या वाचकांना गोविंदराजे हे नाव बंडामुळे माहीत असेल, ते बहुतेक पळालेला राजा म्हणून. मी त्याची धाकटी बहीण. आणि ज्यांनी ते बंड उभं केलं त्या यशवंतरावांची मी बायको. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही, पण ते न घेता ही हकीकत सांगता येणार नाही.

गव्हाणपूर म्हणजे अंजनगावच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं एवढंसं राज्य. आमच्या पूर्वजांनी आभाळातून पडलेल्या लोखंडाचे गडी घडवले होते. दिवसा ऊन प्यायचं आणि त्या जोरावर काम करायचं, असे ते लोहगडी. ते फक्त आमच्या घराण्यातल्या एकाच माणसाचं ऐकत, आणि ते कोणाचं, हे त्यांचं तेच ठरवत. राजा वारला की घरातल्या पुरुषांनी एकेक करून गढीच्या चौकात उभं राहून त्यांना हाक द्यायची. ज्याच्या हाकेला ते उठतील, तो राजा. राजे असलेले आमचे मोठे काका वारले तेव्हा दादा अमरावतीला मुलांना हिशेब आणि ग्रहतारे शिकवत होता. एका खोलीत राहायचा, हाताने भाकरी थापायचा, आणि त्याला तिथे फार बरं वाटत होतं. सुतकाला म्हणून तो आला. चुलतभावांनी चौकात घसा फुटेस्तोवर आरोळ्या ठोकल्या. लोखंड हललं नाही. शेवटी दादाला पुढे ढकललं. तो त्या गड्यांच्या जवळ गेला आणि दमलेल्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाला, "उठता का?" ...सगळे उठले. दादाने मागे वळून पाहिलं. हे दुसऱ्याच कोणी केलं असावं असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. गादीवर बसवायच्या आधी मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "गोदे, मले वापस जाऊ द्या म्हनाव." मी कोणाला म्हणणार होते?

राज्य त्याने केलं, पण ते पाहुण्याच्या घरात वावरावं तसं. लोहगड्यांकडून त्याने विहिरी खोदून घेतल्या, गाळ काढून घेतला, आजाऱ्यांच्या डोल्या वाहून घेतल्या. म्हातारा माणूस दरबारात आला की तो गादीवरून उठायचा आणि कारभारी कपाळाला हात लावायचे. राजाने एकट्याने जेवायचं ही तिथली जुनी चाल. मोठ्या दालनात एकच पाट, एकच समई. मी माहेरी गेले की तो मला दाराशी बसायला सांगायचा आणि माझ्या सासरच्या म्हशींच्या, सुनांच्या, भांडणांच्या गोष्टी ऐकत जेवायचा. मी नसताना तो कोणाशी बोलत असेल, हा विचार परतीच्या वाटेवर यायचा आणि गाव आलं की विरून जायचा.

मग समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस अडला आणि आमच्या काळ्या मातीतली कपाशी सोन्याची झाली. अकोल्याच्या तळावरून गाठी भरून उडत्या नावा मुंबईकडे निघत. अमरावतीच्या कापूसबाजारात पाय ठेवायला जागा नसे. लोकांनी बैलांची शिंगं चांदीने मढवली. ज्वारी पेरणारा माणूस खुळा ठरू लागला. तेव्हा दादाने हुकूम काढला, की प्रत्येकाने कपाशीच्या मधे तास, म्हणजे ओळी, सोडून ज्वारी पेरावी. लढाई काही कायमची नसते, आणि कापूस खाता येत नाही, असं त्याचं म्हणणं.

यशवंतराव वाईट माणूस नव्हते, आजही नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आंबील पिऊन दिवस काढले. आता कुठे घरावर गवताऐवजी कवेलू चढून राहिलं, पोरींच्या अंगावर धड लुगडं आलं, आणि ज्याला पेरणी ठाऊक नाही असा राजा त्यांच्या शेतात हात घालून राहिला. लोकांना ते पटलं. मलाही, खरं सांगायचं तर, दोघांचंही पटत होतं. त्यातून वाद वाढला, हुकूम मोडला गेला, कारभाऱ्यांनी दोन शेतकऱ्यांना कोंडलं आणि गावंच्या गावं कुऱ्हाडी, विळे घेऊन गढीकडे निघाली. पुढे घोड्यावर यशवंतराव.

मी तेव्हा गढीतच होते. आदल्या दिवशी दोघांत समेट करायला म्हणून आले आणि अडकले. सकाळचं कोवळं ऊन चौकात पसरलं होतं, लोहगडी ऊन पीत उभे होते. सरदार दादाला म्हणाले, महाराज, एक शब्द बोला, दुपारच्या आत सगळं शांत होईल. ते खरंच होतं. लोहगड्यांपुढे कुऱ्हाड काय करणार? त्याने मला विचारलं, यशवंतराव समोरच हायेत का? मी हो म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उठून चौकात गेला आणि नेहमीच्याच आवाजात लोहगड्यांना म्हणाला, "तुमी आता जा. पहाडात जा. यापुढे कोनाचंच आयकू नका. माहंही नाई."

ते गेले. उत्तरेच्या दिंडीदरवाजातून एकामागे एक, सातपुड्याकडे. सरदार आधी ओरडले, मग त्यांनी आपापली वाट धरली. दादाने वेशीकडचा मोठा दरवाजा स्वतः उघडला. त्याचा अडसर त्याला उचलेना, तेव्हा मी हात लावला. लोक आत घुसले ते मारायच्या-मरायच्या तयारीने, आणि चौकात त्यांना एक किरकोळ अंगाचा माणूस आणि त्याची बहीण एवढेच दिसले. सगळे थबकले. यशवंतरावांच्या हातात तलवार होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं.

"काहून धाडले त्याईले?" लोहगड्यांच्या रिकाम्या जागेकडे पाहत त्यांनी विचारलं.

"मले भेव वाटून राहिलं होतं," दादा म्हणाला. "भेवात शब्द निघून गेला असता."

त्याने एकच मागणं मागितलं, की थोडी तरी ज्वारी पेरा. तो एक गाठोडं घेऊन पायी अंजनगावच्या वाटेला लागला. त्याच्यामागे कोणी गेलं नाही. मीही नाही, मी यशवंतरावांच्या घोड्याशेजारी उभी होते... अमरावतीच्या शाळेत त्याच्या जागी दुसरे मास्तर होते. मग तो अकोल्याला गेला आणि नावांच्या तळावर हमालांच्या पोरांना शिकवू लागला.

लढाई संपली आणि भाव कोसळला. कापसाच्या गंज्या शेतात भिजल्या, नावा येईनाशा झाल्या, आणि ज्वारी कुठे मागूनही मिळेना. त्या वर्षी आमच्या गावाने चूल पेटवली ती यशवंतरावांच्या ज्वारीवर. त्यांनी पेरली होती. बंडानंतरच्या पहिल्याच पेरणीला, कोणाला न सांगता, कपाशीत तास सोडून. लोक त्यांच्या दूरदृष्टीचे गोडवे गाऊ लागले, आणि ते खाली मान घालून ऐकून घेत. घरी आल्यावर त्यांना जेवण जात नसे.

मी अकोल्याला जाऊन दादाला हे सांगितलं. ती आमची शेवटची भेट. त्याची खोली तळाच्या मागच्या अंगाला होती, आत एक बाज, एक चूल, पोरांच्या पाट्या. त्याने मला गूळपाणी दिलं. ज्वारीचं ऐकून त्याचा चेहरा उजळला. "पेरली ना? मंग झालं," एवढंच म्हणाला. निघताना त्याने विचारलं, "यशवंतराव माह्यावर रागावून हायेत का?"

"नाई," मी म्हणाले. "लाजून हायेत."

त्याने माझा पेला उचलून चुलीशी ठेवला. मग म्हणाला, "त्याईले म्हनाव, या एखाद वेळा. मी काईच बोलनार नाई."

मी निरोप दिला. यशवंतराव दर बाजाराला अकोल्याला जात, आणि दर वेळी न भेटता परत येत. मी विचारणं सोडून दिलं.

बातमी आली त्या दुपारी ते आत गेले ते मागल्या दाराने थेट गोठ्यात. बाहेर आले तेव्हा गाडी जुंपलेली होती. आम्ही अकोल्याला पोहोचेपर्यंत हमालांनी सगळं उरकलं होतं. यशवंतराव बैल सोडायचं निमित्त करून मागे राहिले आणि मी एकटीच खोलीत गेले. शेजारची बाई पाणी घेऊन आली. चांगले होते मास्तर, म्हणाली, पन त्याईच्याकडे कोनी येत नव्हतं. वाऱ्यानं दाराची कडी वाजली का आतून 'आलो, आलो' म्हनत उठत, दार उघडून बाहेर पाहत, आनि मंग लावून घेत. रोजचंच होतं ते.

ती गेल्यावर मी दार लोटून बाजेवर बसले. पाट्या भिंतीशी नीट रचलेल्या होत्या. थोड्या वेळाने कडी वाजली. वारा नव्हता. पुन्हा वाजली, जरा हळू. मी उठून दार उघडलं, तर बाहेर यशवंतराव उभे होते, पागोटं हातात धरून.

"येऊ का?" त्यांनी विचारलं. त्यांची नजर माझ्या मागे, खोलीत होती.

मी बाजूला झाले.

"या," मी म्हणाले.