डब्यातली शेवटची प्रकरणं

“नाव सांग. कारण सांग.”

दार उघडल्यावर काका ‘ये’ म्हणत नसत, हे म्हणत.

मी सरगूरच्या शिंप्याचा मुलगा. घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. कायदा शिकायला म्हैसूरला आलो आणि सरस्वतीपुरममध्ये काकांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहिलो. काका कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. जन्मभर न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून साक्षी-पुरावे सांभाळलेले. त्यांचं कपाट इंग्रजी रहस्यकथांनी भरलेलं होतं. मला इंग्रजी येतं ते त्या कपाटामुळे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचताना तुम्ही ते विसराल.

पुस्तक हातात देण्यापूर्वी काका ब्लेडने शेवटचं प्रकरण कापून घेत आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. पुस्तक संपलं की खाली यायचं आणि खुनी कोण ते कारणासह सांगायचं. बरोबर आलं तर पानं मिळत. चुकलं तर कधीच नाही.

“चूक,” म्हणून ते झाकण लावत.

“पुन्हा विचार करून सांगतो, काका.”

“फाशी दिल्यावर पुन्हा विचार करतात काय रे, सरगूर?”

माझ्या नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. पाच वर्षांत अकरा पुस्तकांचे शेवट मला मिळाले नाहीत. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, देता देता बोचकारणारा.

मी वकील झालो तेव्हा बाबा सरगूरहून आले. काकांसाठी त्यांनी स्वतः शर्ट शिवून आणला होता. काकांनी तो घातला, आरशात पाहिलं, दोन्ही हात पुढे केले.

“डावी बाही अर्धं बोट लांब आहे. मुलगा शिकला, तुमचं शिकायचं राहिलं.”

 टोपीत खोचलेली सुई काढून बाबांनी अंगणात उभ्यानेच बाही उसवली आणि पुन्हा शिवली. उन्हात. काका खुर्चीत बसून पाहत होते. मीही पाहत होतो. खरं म्हणजे बाही लांबच होती.

पुढे मी हूटगळ्ळीला घर केलं आणि इकडे काकांची नजर साखरेने नेली. दर रविवारी दुपारी मी त्यांना वाचून दाखवायला जाऊ लागलो. त्याच सुमारास त्यांच्या सर्वांत लाडक्या लेखकाची नवी कादंबरी आली. आजवर पोलीस तपासाच्या कथा लिहिणाऱ्या या लेखकाने पहिल्यांदाच कोर्टातली कथा लिहिली होती. काका म्हणाले, “आता माझ्या घरात आला बघ तो.”

वाचायच्या आधी त्यांनी मला ब्लेड दिलं. “शेवटचं काप. तू वाच, मला सांगू नको. डब्यात टाक. नियम मलाही आहे.”

मी घरी नेऊन ते प्रकरण वाचलं, मग डब्यात टाकलं. मेलेल्या माणसाचा जुळा भाऊ परदेशातून उगवतो, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून रडतो आणि गुन्हा कबूल करतो. त्याचा आधी एका ओळीतही उल्लेख नाही. इतका भिकार शेवट मी वाचला नव्हता.

पुस्तकही तसंच होतं. वकील साक्षीदाराच्या खांद्यावर हात ठेवून उलटतपासणी घेतो. पुराव्यातल्या चाकूचा नंबर आधी सात असतो, पुढे नऊ होतो. पाकीट एका पानावर सीलबंद, दुसऱ्यावर उघडं. प्रत्येक चुकीला मी थांबायचो.

“वाच, वाच. सुम्ने, उगाच काहीतरी लिहिणारा माणूस नव्हे तो. मुद्दाम ठेवलंय.”

चौथ्या रविवारी पुस्तक संपलं. काका खुर्चीत ताठ झाले. मी विचारलं, “नाव सांगा. कारण सांगा.”

“मुद्देमालाचा कारकून. चाकू त्याच्या ताब्यात. नंबर बदलला, सील फुटलं, ते दुसरा कोण करणार? वकील, जज्ज, कुणाचं लक्ष गेलं नाही. कारकुनाकडे कोण बघतं? मी बघितलं.” ते हसले. त्या घरात मी पाहिलेलं ते एकमेव मनमोकळं हसू.

लेखकाच्या विसराळूपणातून काकांनी एक अस्सल गोष्ट उभी केली होती. ‘बरोबर’ म्हणणं माझ्या हातात होतं.

“चूक,” मी म्हणालो.

“मत्ते? कोण मग?”

“नियम काय आहे, काका?”

त्यांनी मान डोलावली. चुकीला बरोबर म्हणू नये हे मी त्यांच्याकडूनच शिकलो, असं मी बसमध्ये स्वतःला समजावत राहिलो. पण ‘चूक’ तोंडातून निघालं तेव्हा मला अंगणातली सुई दिसत होती.

पुढच्या रविवारी त्यांनी तेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग वकिलाचं नाव घेतलं. नंतर मेलेल्या माणसाच्या विधवेचं. शेवटी नुसतंच “जज्ज” म्हणाले आणि कारण सांगितलं नाही. कारणाशिवाय बोललेले काका मी तोवर पाहिले नव्हते. मी दर वेळी “चूक” म्हटलं.

पुढे काकांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता. माझी चाहूल लागताच म्हणाले, “नियम राहू दे. कोण रे?”

मी सगळं सांगितलं. जुळा भाऊ, पिंजरा, रडणं. नंबर आणि सील लेखक विसरला होता, हेही सांगितलं.

 काका म्हणाले, “शेवट बनवू नको, सरगूर. तो असं लिहिणार नाही. तुला द्यायचा नाही तर नको देऊ.” आणि भिंतीकडे वळले. दोन दिवसांनी ते गेले. खरा शेवट ऐकूनही तो मी अडवून ठेवला असं समजून गेले.

त्यांच्या पुतणीने डबा मला दिला. माझी अकरा प्रकरणं त्यात होती. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर त्यांच्या कोर्टी अक्षरात मी सांगितलेलं नाव, मी दिलेलं कारण आणि खाली ‘चूक’. बाकी काही नाही. मी सगळी पानं उलटून पाहिली.

मग जुळ्या भावाचं प्रकरण घेतलं आणि वर पेन्सिलीने लिहिलं: मुद्देमालाचा कारकून. कारण: कारकुनाकडे कोणी बघत नाही.

खालची ओळ लिहायला वेळ लागला. ‘चूक’ लिहिलं आणि झाकण लावलं.