तिसऱ्या चौकोनावरची खूण

काटे सरांचं आडनाव काटे नाही. माणसाकडे एकदा नजर टाकून ते त्याचं वजन सांगतात, म्हणून पोरांनी त्यांना वजनकाटा म्हणायला सुरुवात केली आणि तोंडात घासून घासून त्याचं काटे झालं. नवे पालक तर 'श्री. काटे यांस' असे अर्ज लिहितात. मी शाळेची कारकून, अर्ज माझ्याच टेबलावर येतात, पण मी ती चूक दुरुस्त करत नाही. एकदा भर स्टाफरूममध्ये ते मला म्हणाले होते, "बाई, दोन किलो वाढलात." आता भोगा म्हणावं.

आमची कुस्तीची खोली म्हणजे मोडक्या बाकांच्या गोदामाचा अर्धा भाग. मॅटला इतक्या चिकटपट्ट्या लागल्यात की मूळ रंग कोणता यावर वाद होतो. सकाळी सहाला सर ती स्वतः औषधाच्या पाण्याने पुसतात, कारण शिपायाने पुसली की कोपरे राहतात आणि पोरांच्या अंगावर गजकर्ण उठतं. मग दिवसभर कवायतीचे तास आणि संध्याकाळी पुन्हा मॅट. बुटाची नाडी बांधता न येणारं पोर ते हाताशी धरतात, पडायचं कसं इथपासून शिकवतात. आणि तेच पोर नववीत पदक आणायला लागलं, की त्याचे आईबाप माझ्या खिडकीशी हजर. बदली पाहिजे! पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत तीन प्रशिक्षक आहेत, कॉलेजवाले तिथे खेळाडू हेरायला येतात. आईबापांना मी दोष देत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी देते. पीक कुणाचं आणि कापणी कुणाची!

बदलीच्या अर्जावर कारणाचे तीनच चौकोन असतात. पहिला, कुटुंबाचा राहता पत्ता बदलला. दुसरा, पालकाची नोकरी बदलली. तिसरा, सध्याच्या शाळेत योग्य प्रशिक्षण मिळत नाही, आणि त्याच्याखाली सध्याच्या प्रशिक्षकाची सही. वरच्या ऑफिसला कारण पटलं नाही तर खेळाडू वर्षभर स्पर्धेबाहेर. तिसऱ्या चौकोनावर कोण शहाणा सही करणार? म्हणून सगळे पत्ता बदलतात. पुलापलीकडे एक खोली घ्यायची, तिचं वीजबिल जोडायचं. बिलावर शून्य युनिट. एका घराने पुरावा म्हणून नव्या शेगडीचा फोटो लावला, तिच्यावरचं किमतीचं लेबलही काढलं नव्हतं. एका जोडप्याने तर विभक्त झाल्याचा कागद आणला, आणि द्यायला दोघं एकाच स्कूटरवरून आली. मी शिक्का मारते. मलाही पाचला घरी जायचं असतं.

यंदा सरांची स्वतःची मुलगी नववी पास झाली.

ती त्रेपन्न किलोत खेळते. शाळेत बापाला 'सर' म्हणते, घरी 'बाबा'. उभ्याने तिला कोणी हात लावू शकत नाही. पण एकदा खाली पडली की समोरची तिची कंबर धरते आणि लाटणं फिरवावं तशी लोळवत गुण घेते. दोन वर्षं ती तिथेच हरली. जमिनीवरचा हा खेळ सरांना कुणी शिकवलाच नव्हता. चष्मा लावून मोबाइलवर बघत, गुंडाळलेल्या गादीशी झटताना मी त्यांना पाहिलंय. गादी जिंकत होती.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ते माझ्या समोर येऊन बसले. अर्ज पुढे सरकवला. मुलीची आई आधीच सही करून गेली होती. कारणाची जागा रिकामी होती.

"तिची आत्या राहते ना पलीकडे?" मी म्हटलं. "तिचा पत्ता टाकते. दोन मिनिटांचं काम."

"ती वसतिगृहात राहणार आहे, आत्याकडे नाही."

"अहो, कोण बघतंय?"

"मी बघतोय की. तिसऱ्यावर खूण करा."

मी पेन खाली ठेवलं. "माझ्याच्याने होणार नाही. एकोणीस वर्षं घासलीत तुम्ही या शाळेत, आणि आता स्वतःच्या हाताने लिहून देणार, की इथे शिकवायला कोणी नाही? लोक काय म्हणतील?"

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, बाई? मला जेवढं येत होतं तेवढं दिलं." ते डोळे चोळत होते. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "लोकांच्या खोट्या पत्त्यांना मी इतकी वर्षं नावं ठेवली. आता घरचं कार्टं आलं म्हणून नियम बदलू?"

तेवढ्यात मुख्याध्यापक डोकावले. आमचं बोलणं ऐकून तेही म्हणाले, "सर, एवढं मनाला लावून घेऊ नका, पत्ता टाका नि मोकळे व्हा." सरांनी पेन उचललं, खूण केली, खाली सही ठोकली. मुख्याध्यापक मान हलवत गेले. मला खरंच रडू येत होतं, आणि म्हणून मी उगाच पंख्याला शिव्या दिल्या.

विद्यार्थ्याची सही राहिली होती. 'वरील कारण मला मान्य आहे', आणि पुढे रेघ. मुलीला वर्गातून बोलावलं. सर तिला समजावायच्या तयारीनेच बसले होते, खुर्चीत पुढे सरकून. मीही वाट बघत होते. पोर रडेल, कागद टाकून देईल, म्हणेल, हे खोटं आहे. निदान मला तरी तेच ऐकायचं होतं.

तिने वाचलं. वाचून झाल्यावर पेन घेतलं आणि सही केली.

सर खुर्चीत मागे टेकले. "नीट वाचलंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"म्हणजे तुला आधीपासून..."

"गेल्या वर्षीपासून," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस? एक वर्ष गेलं ना तुझं!"

तिने पेन माझ्या टेबलावर ठेवलं, टोपण लावून. "तुम्ही रोज इतके दमून घरी येता, बाबा," ती म्हणाली. "मी कधी बोलणार होते?"