राजदाणी

माझी शाळा चौथीतच सुटली. अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही जमत नव्हतं. पुढे कधी मीच हे वाचलं, तर माझ्यावर रागावू नये.

आज पुतणी अभ्यास करता करता म्हणाली, "काकू, एक देश राजधानी हलवतोय. जुन्या शहरात पाणी शिरतं म्हणे."

मी विचारलं, "मग नवी राजदाणी कुठं, हे कोण ठरवतं गं?"

ती हसत सुटली. "दाणी नाही, धानी!"

मला आपली ती अत्तरदाणीसारखी, राजाला ठेवायची वस्तू वाटत होती.

तेव्हा आमची खुडूक कोंबडी अंडी उबवायला घरभर जागा शोधत होती. मागची अंडी मुंगसाने नेली, म्हणून मी कोपऱ्यात भुसा घालून पाटी मांडली होती. कोंबडी पाटीत बसेना. चुलीमागे बसली, उठली, दाराआड गोल फिरली. वाटलं, त्या देशातली मोठी माणसंही माळरानावर अशीच हिंडत असतील, मध्येच थांबून वारा ऐकत असतील. इथं पोरं नीट वाढतील का, हे जमिनीला कसं विचारत असतील?

अखेर ती सासूबाईंच्या खाटेखाली शिरली आणि पंख पसरून बसली. मी पाटी पुढे सरकवली.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "पाटी तुझ्या सोयीची. मी दिवसरात्र इथंच पडून असते, ते तिनं बघितलंय."

मी जपून ठेवलेलं एकेक अंडं तिच्याखाली सरकवलं. तिने एकदाही चोच मारली नाही.