आधी लेबल

संग्रहालयात शिरल्यावर काका मूर्तीकडे बघतच नसत. दोन्ही हात पाठीमागे बांधून, कमरेत वाकून आधी खालची पाटी वाचत. सगळी. मग मान वर करून मूर्तीकडे असं बघत, जणू आता तिनं आपली बाजू मांडावी.

“आधी लेबल बघ गो,” मला म्हणत. “मालाचं तोंड बघून काय कळतंय?”

मी मुंबईत चित्रकला शिकते. आम्हाला नेमकं उलटं शिकवलंय: आधी वस्तू बघा, रेषा बघा, पाटी शेवटी. संग्रहालयात बसून रेखाटनं करणं हा आमच्या अभ्यासाचाच भाग. काका पोलादपूरजवळच्या आमच्या बौद्धवाडीतले, आमचे शेजारी. नोकरीतून सुटल्यावर वर्षातले काही महिने ते मुंबईला लेकीकडे राहत आणि रविवारी माझ्याबरोबर येत. माझी एक मूर्ती काढून होईपर्यंत त्यांची अख्खी दालनं वाचून होत. रखवालदार त्यांच्या मागे मागे असे. पाटी इतक्या जवळून वाचणारा माणूस त्याला संशयास्पद वाटे, आणि काकांना तो. तुम्हीही अशा दालनांतून फिरला असाल. तिथं चोर कोण, हे ठरवायची प्रत्येकालाच घाई असते.

ही खोड महाड एमआयडीसीतली. एका रसायनाच्या कारखान्यात काकांनी उमेदीची वर्षं ड्रम हलवले. लेबल वाचल्याशिवाय ड्रमला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला धडा. दुसरा धडा जोडीदाराच्या हातावरून मिळाला. लेबलावर एक होतं, ड्रमात दुसरं. चूक कुणाची ते शेवटपर्यंत ठरलं नाही. हात मात्र भाजून कायमचा गेला. तेव्हापासून काका प्रत्येक लेबल वाचत, आणि वाचून झालं की त्यावर विश्वास ठेवत नसत.

एका पाटीवर लिहिलं होतं, की ही मूर्ती एका शेतात सापडली.

“सापडली म्हंजे?” काका म्हणाले. “हरवली व्हती कुणाची?”

त्यानंतर मला दालनादालनांत तेच दिसायला लागलं. सापडली, मिळाली, सप्रेम भेट. भेट देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात. ज्याच्या नांगराला ती लागली, त्याचं कुठंच नाही.

त्यांचा संशय दर वेळी खरा असे, असं मात्र नाही. एसी एवढा गार ठेवतात तो लोकांनी लवकर बाहेर पडावं म्हणून, हे त्यांचं पक्कं मत होतं. एकदा कोपऱ्यातलं आग विझवायचं लाल नळकांडं त्यांनी चष्मा पुसून पुसून वाचलं आणि निकाल दिला, की या इमारतीत खरं लेबल एवढंच. आत काय आहे, कधी भरलं, कुणी तपासलं, सगळं लिहिलेलं. रखवालदारसुद्धा हसला.

काकांच्या गावच्या घरात माळ्यावर एक काठी होती. महारकीची काठी, टोकाला घुंगरं बांधलेली. त्यांचे वडील ती वाजवत पाटलाचा निरोप घेऊन फिरत आणि वाडीतल्याच माणसांना वेठीला बोलावत. धम्म घेतला तेव्हा वाडीनं देव, ताईत, गंडेदोरे सगळं सावित्री नदीत सोडलं. वडिलांनीही देव सोडले. काठी सोडली नाही. फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली, आणि का, ते कधी बोलले नाहीत. काकांनीही कधी विचारलं नाही.

पाचाडच्या रस्त्याला एका हॉटेलवाल्यानं जुन्या वस्तूंचं संग्रहालय काढलं. त्याला काठीचा सुगावा लागला आणि तो गाडी घेऊन थेट वाडीत आला. काचेत ठेवतो, म्हणाला. मी तेव्हा गावीच होते, आणि द्यायच्या बाजूनं होते. दर मार्चला महाडच्या तळ्यावर पुस्तिकांचा स्टॉल लावणाऱ्या घरात मी वाढले. पुरावा माळ्यावर कुजू द्यायचा नसतो, तो चारचौघांसमोर मांडायचा असतो, हे मी आजही मानते. काकांनी हॉटेलवाल्याला एवढंच सांगितलं, की खाली काय लिहिणार ते आधी दाखवा.

मजकूर माझ्या फोनवर आला: ‘मानाची काठी. गावाची निष्ठेने सेवा करणाऱ्यांचे भूषण.’

काकांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. “भूषण व्हतं, तर ह्याच्या आज्यानं का नाय धरली?”

मी तिथंच ओट्यावर बसून दुसरा मजकूर लिहिला. त्यात वेठ होती, शिळे तुकडे होते, रात्री-अपरात्रीची हाक होती, आणि हे ज्यांनी लादलं त्यांची जातही होती. काकांनी तो ऐकून घेतला.

“खरं हाय समदं. पर ह्ये तुझं हाय गो. माझ्या बापाचं नाय.” मग स्वतःलाच विचारावं तसं म्हणाले, “देव टाकलं त्यानं, काठी का नाय टाकली? आवडत व्हती का त्याला?”

पुरावा म्हणून ठेवली असेल, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाटीकडे बघावं तसं बघितलं. म्हणाले, की तुला तसं पाहिजे म्हणून तू तसं म्हणतेस.

शेवटी त्यांनी स्वतःच मजकूर सांगितला आणि मी तो हॉटेलवाल्याला पाठवला: ‘या माणसाने देव सोडले, काठी सोडली नाही. का, ते घरच्यांना माहीत नाही.’ हॉटेलवाल्यानं फोन केला. लोक माहिती घ्यायला येतात, ‘माहीत नाही’ असं कसं लिहायचं, असं हसत विचारू लागला. मग काठीही नाही, असं म्हणून काकांनी फोन माझ्या हातात दिला. काठी माळ्यावरच राहिली.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यांची छाती कारखान्यातच अर्धी खर्ची पडली होती.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गावी होते. वंदना झाली, माणसं अंगणात चहा घेत होती. आता काठीचं काय करायचं, हे विचारायला त्यांच्या लेकीनं गाठोडं खाली उतरवून माझ्यापाशी आणलं. फडकं कुजलेलं. तिच्या हातात ते फाटलं आणि घुंगरं वाजली.

ओट्यावर काकांची आत्या बसली होती, त्यांच्या वडिलांची धाकटी बहीण. नव्वदीला टेकलेली, दोन्ही डोळ्यांनी अधू. सकाळपासून ती मान खाली घालून गप्प होती. त्या आवाजासरशी ती ताठ झाली. चाचपडत पदर डोक्यावर घेतला आणि उठायला म्हणून एक पाय खाली सोडला.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “आज कुणाला न्यायला आलास?”

लेकीनं घुंगरं मुठीत आवळून धरली.