अंतराळातला पंप आणि माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, यावर आमच्या तीर्थपुरीत कुणी वाद घालत नाही. मीही घातला नसता. माझं भांडण लागलं ते एका पंपाशी.

नवं शतक लागून थोडीच वर्षं झाली होती. आमची एकुलती लेक परदेशात नोकरीला. पृथ्वीभोवती एक स्थानक फिरतं, त्यात माणसं राहतात, आणि त्यांचं खाणं, पाणी, कपडे, औजारं सगळं खालून मालवाहू यानानं जातं. त्या यानात काय भरायचं, कुठं भरायचं, जागा कमी पडली तर काय मागं ठेवायचं, हे ठरवणाऱ्यांत ती होती. तिचं लग्न ठरवताना हे मला पाहुण्यांना काही केल्या नीट सांगता येईना. शेवटी मी म्हटलं, “वर डबा पोचवायचं काम करती.” पाहुणे खूश झाले. म्हणाले, “मंग सैपाक चांगला येत असंल.” तिला चहासुद्धा धड येत नव्हता. मी गंभीरपणे मान हलवली.

तिला दिवस गेले तेव्हा फोनवरच ठरलं. सातव्यात यायचं, ओटी भरायची, मग बाळंत होऊनच परत जायचं. फक्त एक यान तेवढं सुटू द्यायचं. “यान गेलं की लगेच निघते, आई,” ती म्हणाली. मला वाटलं, यान म्हणजे आपली घनसावंगीची गाडी. उशीर झाला तर किती होईल? फार तर ड्रायव्हर चहा पिऊन येईल.

पहिल्यांदा यान थांबलं ते कुठलीशी झडप नीट मिटत नव्हती म्हणून. दुसऱ्यांदा वाऱ्यामुळं. तिचा फोन सकाळी यायचा, मी चूल पेटवत असताना. तिच्याकडं तेव्हा रात्र असायची. फोन वाजला की हातातली फुंकणी टाकून मी चुलीपुढून धावायचे.

“अगं, सकाळी न्हाई तर दुपारी सोडा की,” मी म्हणायचे.

“तसं न्हाई सोडता येत. ते स्थानक एका जागी उभं न्हाई, फिरून राह्यलंय. ते बराबर जिथं येतं त्या घटकेलाच निघावं लागतं. चुकलं की पुढच्या वेळेपर्यंत वाट बघायची.”

“आणि तू?”

“मी बी वाट बघायची.”

तिसऱ्या वेळी आडवा आला तो पंप. स्थानकात तेव्हा दोघंच राहत होते, त्यांना श्वासाची हवा बनवून देणारं यंत्र मधूनमधून बंद पडायला लागलं होतं. त्याचा पंप बदलायचा होता. स्पेअर वर ठेवलेला होता, पण तो आधीच वापरून झाला होता. म्हणजे आता खालून नवा पाठवायचा, आणि त्यासाठी भरलेलं यान उपसायचं. त्यातच उशिरामुळं त्या दोघांचं खाणं संपत आलेलं. एका पंपाच्या जागेत किती जेवण बसतं यावर तिथं शहाण्या माणसांच्या बैठका चालल्या होत्या. कुणी म्हणे खाणं भरा, कुणी म्हणे पंप. आमची लेक पंपाच्या बाजूनं.

मी त्या काळात पन्नाशीला टेकले होते. अक्कल यायचं वय. माझी मात्र वाटेत कुठं तरी उतरली असावी. मी ह्यांना म्हटलं, “अहो, आपल्या विहिरीवरची मोटार जळली तेव्हा जालन्यातून स्पेअर आणला होता तुम्ही. त्या दुकानात विचारून बघा ना.”

ह्यांनी पेपर खाली ठेवला. “काय सांगू दुकानदाराला? कुठं बसवायचाय?”

“सांगा, पाहुण्यांकडं पाठवायचाय.”

हसले नाहीत ते. एरवी आठवडाभर हसले असते. तेव्हाच मला कळलं की हेही मनातून घाबरलेत. विमानवाल्यांचा नियम त्यांना जावयानं सांगितला होता: पोट फार पुढं गेलं की बाईला विमानात बसू देत नाहीत. त्याआधी लेक आली तर आली. नाही तर तिकडं तिच्याजवळ कोण? जावई बिचारा चांगला, पण त्यानं कधी ओल्या बाळंतिणीला बघितलेलं नाही. आणि आम्हा दोघांकडं पासपोर्ट सोडा, त्याला लागणारे फोटोसुद्धा नव्हते.

इकडं ओटीभरणाचा दिवस मी आधीच सांगून बसले होते. सातवा महिना पुढं सरकत नसतो. बायकांना आवतण गेलेलं, हिरवी साडी आणलेली, बांगडीवाली सांगितलेली. आणि दोन दिवस आधी फोन: “आई, पुढं ढकललं.”

शहाण्या बाईनं कार्यक्रम मोडला असता. मी काय केलं? शेजारणीची सून त्याच महिन्यात होती. तिला बोलावलं, हिरवी साडी नेसवली आणि माझ्या लेकीच्या जागी पाटावर बसवलं. मनात म्हटलं, मुहूर्त टळू नये. देवाला काय, पोट बघून समजून घेईल. बायकांनी एकमेकींकडं बघितलं, पण पुरणाचा वास सुटला होता, कुणी फार बोललं नाही. ती पोर इतकी भुकेली की पाचही गोडाचे पदार्थ तिनं पुसून खाल्ले. मग झाकलेल्या दोन वाट्या पुढं ठेवल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तिनं पेढा उघडला.

आणि तिथं पंचाईत झाली.

“हा पेढा कुणाचा म्हणायचा, काकू?” बांगडीवालीनं विचारलं.

“उचलला तिनं, तिचाच,” शेजारीण म्हणाली.

“पाट माझ्या लेकीचा, वाट्या माझ्या घरच्या,” मी म्हणाले.

“अन् पोट कुणाचं?” शेजारणीनं विचारलं. सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले, आणि आत सैपाकघरात जाऊन पदरानं तोंड दाबून उभी राहिले. माझ्या पोरीचं ताट दुसरीनं जेवलं, आणि ते मी वाढलं होतं.

पुढच्या फोनवर मी हे सगळं रंगवून सांगितलं. तिला हसवायचं होतं. ती हसलीही. “आई, तू माझा स्पेअर बसवला!” मग हसता हसताच तिचा आवाज बदलला.

“मला ते ताट पायजे होतं, आई.”

इतकी मोठी बाई, अंतराळात सामान पाठवणारी, पुरणाच्या ताटासाठी रडत होती. आणि मी, फोनच्या वायरीला पीळ देत, तिच्यावर चिडले. घाबरले की मी चिडते. ही खोड अजून गेलेली नाही.

“मंग ये ना! तिथं दुसरं कुणी न्हाई का?”

“माझ्या जागी कोण करंल? ही सगळी मांडणी मीच केलीय. दर खेपेला बदलतीय.”

“पंपाला स्पेअर हाये. नळीला हाये. स्क्रूला सुद्धा हाये म्हणालीस. आणि त्या सगळ्यांची मांडणी करणारी बाई, पोटुशी, तिला स्पेअर न्हाई? कसलं गं तुमचं खातं?”

माझं म्हणणं फार शहाणपणाचं होतं असं समजू नका. मी नुसती ओरडत होते. पण तिनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बघते.”

त्या ‘बघते’वर आमचे पुढचे दिवस गेले. ती सोबतच्या एका मुलीला सगळं शिकवत होती, एवढंच जावयाकडून कळायचं. डॉक्टरांनी प्रवासाची चिठ्ठी द्यायला आधी नकार दिला. पायांना सूज होती. मग परत तपासलं, आणि सूज कमी झाल्यावर दिली, लगेच निघायचं या अटीवर. यान अजून जमिनीवरच होतं. ती ते तसंच सोडून निघाली.

हे जीप घेऊन औरंगाबादच्या विमानतळावर गेले. मी घरी. अंबडच्या पुढं रस्ता खोदून ठेवलेला, प्रत्येक खड्डा मला घरी बसल्या जागी माझ्या पाठीत लागत होता. दुपार कलली तरी जीप नाही, आणि फोन नेमका मुका. शेजारीण येऊन बसली, तिला मी घालवून दिलं. मग करमेना म्हणून परत हाक मारली. शेवटी जीप आली, चालत्या माणसाच्या वेगानं. ह्यांनी ड्रायव्हरला सबंध रस्ता तसंच चालवायला लावलं होतं. लेक उतरली. तोंड सुकलेलं, पाय चपलेत मावत नव्हते. मी काही विचारायच्या आत म्हणाली, “पुरण हाये का?”

नव्हतं. मी सगळं केलं होतं आणि नेमकं तेच केलं नव्हतं, नजर लागेल म्हणून. तिथंच डाळ शिजत टाकली.

पण जेवणात तिचं लक्ष नव्हतं. ती जेवता जेवता वर बघायची. “त्या दोघांचं काय?” मी शेवटी विचारलं. महिनाभर मी त्या दोघांना शिव्या घातल्या होत्या, आता मीही ताट बाजूला सारलं.

“मोजून खाऊन राह्यलेत,” ती म्हणाली. “यंत्र चालतंय, बंद पडतंय.”

जालन्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. बर्फी. शेजारणीच्या सुनेला मुलगा झाला, पेढा तिचाच होता. यान त्यानंतर गेलं, स्थानकाला जोडलंही गेलं. तिची सोबतीण फोनवर बोलत होती तेव्हा मी नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होते. लेकीनं फोन ठेवला आणि दारात येऊन उभी राहिली.

“पोचला पंप?”

“पोचला. पण त्या दोघांनी जुनाच खोलून, साफ करून चालू केलाय. नवा कपाटात ठेवला.”

मी गरम पाण्याचा तांब्या आपटला. “म्हणजे लागलाच न्हाई? एवढा जिवाला घोर लावून?”

“आई, लागला न्हाई हेच बरं. स्पेअर पडून राहावा म्हणूनच पाठवतात.” आणि तिनं खाली बसून पोरीच्या डोळ्यांत गेलेला साबण पुसला.

मला ते पटलं नाही. मी संध्याकाळपर्यंत त्या पंपावर चिडून होते. हे म्हणाले, “अगं, आता तो वर गेलाय, त्याला ऐकू येत न्हाई.” तरी मी बोलतच राहिले.